पिवळ्या दिव्याचा माग

यंदाच्या अंकाचा विषय ‘इशारे’ आहे असं संपादकांनी कळवलं आणि मला माझ्या गाडीच्या मीटरवरची एक काळी जागा आठवली.

चार वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी घेतली होती. जुलै महिन्यात कराडहून चिपळूणला येत होते. कुंभार्ली घाट उतरताना, पोफळीच्या जरा वर, एका वळणावर दरडीचे दगड रस्त्यावर आलेले दिसले. मी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग फिरवलं. स्टिअरिंग फिरलं, पण गाडी होती तशी सरळ घसरत गेली. डोंगराकडच्या गटारात एक चाक उतरलं तेव्हा कुठे थांबली. कुणाला काही झालं नाही. गाडीला एबीएस आहे, म्हणजे ब्रेक कितीही जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे, असं मला विकताना सांगितलं होतं.

चिपळूणला बहादूरशेख नाक्यापासून थोडं आत एक गॅरेज आहे, तिथे मी गाडी नेली. मिस्त्रींनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. मला परत सीटवर बसवलं. म्हणाले, “ताई, चावी फिरवा, पण गाडी चालू नका करू. आता दिवे मोजा.” ऑइलचा होता, बॅटरीचा होता, हँडब्रेकचा होता, इंजिनचा होता. एबीएसचा नव्हता. मीटर खोललं तर मागे बल्बची रिकामी खोबण. यंत्रणा कधीची बंद पडलेली होती, तिचा दिवा सतत जळत असणार, आणि तो मला दिसू नये म्हणून कुणीतरी बल्ब काढून ठेवला होता.

अजूनही पावसात उतार लागला की माझा उजवा पाय आखडतो. तो दिवा नेमकं काय सांगतो आणि तो पेटल्यावर जाणता माणूस काय करतो, हे बघायला या श्रावणात मी त्याच गॅरेजमध्ये जाऊन तीन दिवस बसले.

चावी आणि तीन सेकंद

मिस्त्रींचा पहिला नियम मला आधीच माहीत झाला होता. चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा पेटलाच पाहिजे. त्या दोनतीन सेकंदांत यंत्रणा स्वतःच्या तारा, व्हॉल्व्ह, व्होल्टेज तपासते आणि सगळं ठीक असेल तर दिवा विझतो. मोटारसायकलला तो उभ्या उभ्या विझत नाही. चाकं फिरल्याची खूण मिळाल्याशिवाय मोटारसायकल आपला कौल देत नाही, त्यामुळे गाडी हलून थोडा वेग घेईपर्यंत दिवा तसाच राहतो. नवी गाडी घेतलेली मुलं तिसऱ्याच दिवशी दिवा दाखवायला येतात. मिस्त्री त्यांना नाक्यापर्यंत एक चक्कर मारून यायला सांगतात, आणि मुलं हसत परत येतात.

जुनी गाडी बघायला जाताना लोक टायर बघतात, रंग ठोकून बघतात. चावी फिरवून दिवे मोजायला एक मिनिटही लागत नाही. पेटून विझला तर बरं. पेटलेलाच राहिला तर निदान इशारा तरी मिळाला. पेटलाच नाही, तर कुणीतरी काहीतरी लपवलंय असं समजून उलट फिरावं.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक शाबूत असतो. पेडल दाबलं की गाडी थांबते, फक्त चाक जाम होण्यापासूनचं संरक्षण गेलेलं असतं. बेताने चालवत गॅरेज गाठता येतं. पिवळ्याच्या जोडीला लाल दिवाही पेटला, वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला, तर मात्र गाडी बाजूला घ्यायची. ब्रेक ऑइल उतरलेलं असू शकतं, किंवा मागच्या चाकांना किती जोर द्यायचा ते ठरवणारा भागही बंद पडलेला असू शकतो. हँडब्रेक ओढलेला राहिला नाही ना, ते आधी बघावं. तरीही दिवा राहिला तर घाटात उतरण्याचा विचार करू नये.

जाम चाक वळत नाही

माझी गाडी त्या वळणावर सरळ का गेली, ते मिस्त्रींनी ओल्या फरशीवर रबरी चप्पल सरकवून दाखवलं. टायर फिरत असतो तोवर त्याची रस्त्यावर पकड असते. फिरायचा थांबला की तो नुसता घासत जातो, आणि घासणाऱ्या रबराला डावं-उजवं कळत नाही. तेव्हा स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो.

एबीएसचं काम इथे सुरू होतं. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर बसून त्या चाकाचा वेग मोजत असतो. चार चाकांपैकी एखादं अचानक मंदावलं की एबीएसचं नियंत्रण करणारं युनिट त्या चाकाकडे जाणारा ब्रेक ऑइलचा दाब अडवतं, थोडा सोडतं, पुन्हा भरतं. सेकंदाला दहाबारा वेळा किंवा त्याहूनही जास्त. पायाखाली पेडल घर्रर्र करत थरथरतं ते यामुळेच. नेमक्या त्याच क्षणी घाबरून पाय उचलणारे फार, असं मिस्त्री सांगतात. जुन्या गाड्यांवर शिकलेल्यांना घसरणीवर ब्रेक मारत-सोडत राहायची सवय असते. या गाड्यांत पाय रोवून ठेवायचा आणि स्टिअरिंग जिकडे न्यायचं तिकडे न्यायचं. सुट्या खडीवर मात्र एबीएसने थांबायचं अंतर कधी कधी वाढतं, कारण जाम झालेलं चाक पुढ्यात खडीचा ढीग गोळा करतं आणि त्याने गाडी अडते. फिरतं चाक तो ढीग करत नाही. खोदलेल्या रस्त्यांवर चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

विमानांच्या चाकांसाठी असा बंदोबस्त आधीच झाला होता. १९७८ मध्ये बॉशने बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. महागड्या गाडीतली ही चीज आपल्याकडे सर्वांच्या दारात यायला चाळीस वर्षं गेली. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरच्या दुचाक्यांना ती सक्तीची झाली. बॉशच्या चाकणच्या कारखान्यात ही युनिटं आता बनतात. म्हणजे आज गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या बहुतेक नव्या गाड्यांत हा पिवळा दिवा आहे, आणि तो वाचता येणारे हात मात्र त्या वेगाने वाढलेले नाहीत.

गुरुजींची गाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी खेडकडून, परशुराम घाट उतरून, एक शिक्षक आपली छोटी गाडी घेऊन आले. मिस्त्री त्यांना गुरुजी म्हणत होते. दिवा दीड महिन्यापासून पेटलेला. दुसरीकडे दाखवलं, तिथे स्कॅनर लावला, कोड आला सी-००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. सेन्सर बदलला. दिवा दुसऱ्याच वळणावर परत. माल लोकल होता असं सांगून ओरिजिनल सेन्सर टाकला. दिवा परत. आता युनिट बदलावं लागेल असं ऐकल्यावर गुरुजी इथे आले होते. काढलेले दोन्ही सेन्सर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणले होते.

मिस्त्रींनी आपला स्कॅनर लावला. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात, एबीएसपर्यंत पोचत नाहीत, आणि ‘कोड नाही’ असं दाखवून फसवतात. यांचा पोचला. कोड तोच. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली. “ताई, कोड म्हणजे पत्ता. पत्त्यावर गेल्यावर घरात कोण आजारी आहे, ते आपण बघायचं.” पुढच्या डाव्या चाकाचा वेग मिळत नाही, एवढंच युनिटला कळतं. सेन्सर मेला, तार तुटली, कपलरमध्ये पाणी गेलं, सेन्सरसमोरची रिंग फुटली, बेअरिंग ढिलं झालं, काहीही असलं तरी कोड बहुधा हाच येतो.

मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसला आणि मिस्त्रींनी गाडी नाक्यापर्यंत नेऊन आणली. मी मागच्या सीटवर होते. पडद्यावर चारही चाकांचे वेग एकाखाली एक दिसत होते. उजवं पुढचं २२, मागची दोन्ही २२. डावं पुढचं शून्य. पुढे ३१, ३१, ३१ आणि शून्य. “मधेच तुटत असतं तर तार म्हटलं असतं,” मिस्त्री म्हणाले. “हे तर जन्मल्यापासून मुकं आहे.”

परत आल्यावर चाक काढलं. सेन्सरचा कपलर सोडवून मल्टिमीटरने बघितलं, युनिटकडून व्होल्टेज येत होतं. तार इकडून तिकडे हलवून बघितली, ओढून बघितली, सलग होती. इथे मिस्त्रींनी पोराला एकदा दटावलं, कारण तो मीटर ओहमवर ठेवून सेन्सरची पिन मोजायला निघाला होता. जुने सेन्सर म्हणजे लोहचुंबकाभोवतीची तारेची गुंडाळी. त्यांचा रेझिस्टन्स मोजता येतो, हजार-दीड हजार ओहमच्या आसपास, गाडीगणिक वेगळा. चाक हाताने फिरवलं की मीटरवर थोडं एसी व्होल्टेज दिसतं. नव्या सेन्सरच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स असतं. तो युनिटकडून वीज घेतो आणि साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पायऱ्यांवर करंट वरखाली करत चाक फिरल्याचं सांगतो. त्याला ओहम मीटर लावून काही कळत नाही, उलट तो बिघडण्याची भीती.

मग मिस्त्री बाजूला बाकावर बसले आणि गुरुजींना म्हणाले, “दिवा पेटायच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं?”

गुरुजींना पटकन आठवेना. चहा आला. अर्ध्या चहावर ते म्हणाले, “पुढून घूं-घूं आवाज यायचा. बेअरिंग बदललं.”

“कुठल्या बाजूचं?”

“डाव्या.”

मिस्त्रींनी कप खाली ठेवला, पण उठले नाहीत. जेवायची वेळ झाली होती आणि बेअरिंग दाबून काढायचा हायड्रॉलिक प्रेस संध्याकाळपर्यंत मोकळा होणार नव्हता.

पुराचं पाणी, उंदीर आणि पंक्चरवाला

मधल्या वेळात बाकीच्या गाड्या येत राहिल्या, आणि या दिव्यामागे कोण कोण असतं ते मला दिसत गेलं.

चिपळूणमध्ये पाण्याला विसरून चालत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पुरुष-पुरुष उंच चढलं आणि गावातल्या किती गाड्या बुडाल्या याची आठवण काढताना लोक अजून गप्प होतात. त्या गाड्या वाळल्या, धुतल्या, चालूही झाल्या. पण तारेच्या आवरणात शिरलेलं पाणी आतल्या आत चढत जातं आणि महिन्यांनी, वर्षांनी कपलरच्या पिना हिरव्या पडतात. मिस्त्रींनी मला असा एक कपलर उघडून दाखवला. पिनेवर मोरचुदासारखी बुरशी, नखाने खरवडली की खाली तांबं संपत आलेलं. एबीएसचं युनिट आणि त्याची मुख्य अर्थिंग बऱ्याच गाड्यांत खालच्या अंगाला असते, तिथे सगळ्यात आधी गंज धरतो. बॅटरी अशक्त झाली किंवा अर्थिंग सैल असली की युनिटला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि ते स्वतःला बंद करून घेतं. सेन्सर चारही निरोगी, दिवा मात्र पेटलेला. म्हणून मिस्त्री आधी बॅटरी, मग फ्यूज, मग अर्थिंग, आणि मग चाकाकडे जातात.

उंदीर पावसाळ्यात गरम इंजिनाशेजारी येऊन बसतात. एका मोठ्या गाडीची मागच्या चाकाकडे जाणारी तार त्यांनी वीतभर सोलून ठेवली होती. या तारा जोडीने पीळ घालून नेलेल्या असतात, बाहेरचा विद्युत गोंगाट आत शिरू नये म्हणून. पोराने जोड सोल्डर केला, वर रबरी नळी गरम करून बसवली आणि पीळ पुन्हा तसाच घातला. नुसती चिकटपट्टी मारली असती तर पुढच्या पावसात ती गाडी परत इथेच आली असती.

एक मोटारसायकलवाला मुलगा आला. पंक्चर काढल्यापासून दिवा पेटलेला. डिस्कच्या शेजारी खाचांची पातळ पत्र्याची रिंग असते, ती चाक काढताना टॉमीने जराशी वाकली होती. चाक फिरवलं की रिंग एका जागी सेन्सरला घासायची आणि समोरच्या जागी लांब जायची. मधलं अंतर मिलिमीटरच्या आसपासचं, तिथे केसाएवढा फरकही कळतो. मिस्त्रींनी रिंग सोडवली, सपाट लोखंडावर ठेवून बोटांनी दाबत दाबत सरळ केली, परत लावली. सगळं मिळून वीस मिनिटं.

सगळ्यात फसवा आजार दिवा न पेटवणारा. एक बाई सांगत आल्या की गाडी अगदी हळू असताना, सिग्नलला थांबता थांबता, पेडल घरघरतं आणि गाडी थोडी पुढे सरकते. दिवा नाही, कोड नाही. ॲक्सलवरच्या दातेरी रिंगला गंजाने तडा गेला होता. एक दात जास्त रुंद वाटला की युनिटला क्षणभर ते चाक जाम झालंय असं वाटतं आणि ते दाब सोडतं. कोरड्या, सपाट रस्त्यावर. अशी तक्रार कुणी केली तर ती मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नये, हे मला इथे ठामपणे लिहायचं आहे.

बघण्याचे पैसे

त्या मोटारसायकलवाल्या मुलाने, रिंग सरळ केल्याचे पैसे देताना, कुरकुर केली. नवीन काही टाकलंच नाही, मग पैसे कशाचे?

मला वाटतं, चुकीचे सेन्सर बदलले जातात त्याचं मूळ इथे आहे. आपण गिऱ्हाईक म्हणून वस्तूचे पैसे देतो. खोक्यातून नवा सेन्सर निघाला की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं. मिस्त्रीने दोन तास तार चाचपली, बिघाड शोधला आणि एक पिन घासून बसवली, तर ते काम आपल्याला फुकट वाटतं. मग गॅरेजवाला काय शिकतो? कोड आला की भाग बदला, पावती फाडा. मिस्त्रींनी यावर एक वाट काढली आहे. त्यांच्या भिंतीवर फळी आहे, तिच्यावर बघण्याचा दर वेगळा आणि कामाचा दर वेगळा लिहिला आहे. काही गिऱ्हाइकं फळी वाचून परत जातात. जी राहतात ती वर्षानुवर्षं राहतात.

नुसता कोड खोडून गाडी देणाऱ्यांवर ते फार चिडतात. कोड खोडला की दिवा विझतो आणि गाडी गेटबाहेर जाईपर्यंत विझलेलाच राहतो. चाकांनी वेग घेतला, युनिटने पुन्हा तपासलं, की तो परत येतो. तेवढ्यात पैसे हातात पडलेले असतात.

सेन्सरच्या भोकातून

संध्याकाळी पाच वाजता प्रेस मोकळा झाला. पण बेअरिंग दाबून काढलं की ते पुन्हा वापरण्यासारखं राहत नाही, म्हणून मिस्त्रींना आधी खात्री करायची होती. त्यांनी डाव्या चाकाचा सेन्सर काढला आणि त्याच्या भोकातून आत बॅटरी मारली. मला बोलावलं. आत बेअरिंगची कड दिसत होती, स्वच्छ, चकचकीत पोलादाची. मग उजव्या चाकाचा सेन्सर काढून तिथे दाखवलं. तिथली कड काळपट, रबरासारखी, मऊ उजेडाची.

या गाडीत दातेरी रिंग नाहीच. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये लोहचूर्ण मिसळलेलं रबर असतं आणि त्यात उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे चुंबकाचे बारीक पट्टे गोलाकार भरलेले असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. बेअरिंगच्या दोन्ही बाजू पटकन बघितल्या तर सारख्याच वाटतात, पण चुंबकाची बाजू सेन्सरकडेच यावी लागते. डावं बेअरिंग उलटं बसवलं होतं. चुंबक बाहेरच्या अंगाला तोंड करून बसलेलं आणि सेन्सर साध्या पोलादाकडे टक लावून. एक नव्हे, तीन सेन्सर लागोपाठ.

नवं बेअरिंग आलं तेव्हा मिस्त्रींनी पोराला ते चुंबकाच्या थाळीत ठेवू दिलं नाही, त्याने पट्टे पुसले जातात. ग्राइंडरखालून चिमूटभर लोखंडाचा कीस कागदावर घेतला आणि बेअरिंगची एकेक बाजू हळूच त्यावरून नेली. एका बाजूला काही झालं नाही. दुसऱ्या बाजूला कीस उठून उभा राहिला आणि कडेभोवती बारीक बारीक रेघा उमटल्या, कंगव्याच्या दातांसारख्या सारख्या अंतराने. गुरुजी चष्मा वर करून किती तरी वेळ बघत राहिले. म्हणाले, “हे मी सातवीच्या पोरांना शिकवतो.” मिस्त्रींनी कीस फडक्याने नीट पुसून घेतला, रेघांची बाजू आत ठेवली आणि प्रेसचा दांडा ओढला.

साडेसहाला आम्ही तिघं ट्रायलला निघालो. पाऊस रिमझिम. परशुराम घाटाच्या पायथ्याशी एका मोकळ्या, सरळ पट्ट्यावर मिस्त्रींनी मागे गाडी नाही हे आरशात दोनदा बघितलं. वेग चाळीस. “गुरुजी, धरून बसा.” ब्रेक दाबला. पेडलखालून घर्रर्र आवाज आला, गाडी थरथरत, पण नाक सरळ ठेवून थांबली. लॅपटॉपवर चारही आकडे एकत्र खाली उतरले होते. मीटरवर तो दिवा नव्हता. मिस्त्रींनी गाडी बंद केली, परत चावी फिरवली आणि मला म्हणाले, “ताई, मोजा.” पेटला. एक, दोन, तीन. विझला.

गॅरेजमध्ये परतल्यावर त्यांनी वहीत तारीख घातली आणि लिहिलं: पुढचं डावं, बेअरिंग उलटं, सेन्सर चांगला. गुरुजींना सांगितलं की उद्या सकाळी थंड गाडीला चावी मारा, दिवा पेटून विझतो का बघा आणि मला फोन करा. मग कोपऱ्यातली ती प्लास्टिकची पिशवी उचलली. आतले दोन्ही सेन्सर उलटसुलट करून बघितले, टोकावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि पिशवी गुरुजींच्या हातात दिली.

“हे टाकू नका. दोन्ही चांगले असणार.”